लावलंय की बंद पडलंय?

१९७५ च्या जानेवारीत लंडनमध्ये ब्रायन इनो नावाच्या संगीतकाराला टॅक्सीनं उडवलं. माणूस वाचला, पण घरी अंथरुणाला खिळला. त्याला बघायला जूडी नायलन ही मैत्रीण आली. येताना तिनं अठराव्या शतकातल्या हार्पच्या संगीताची तबकडी आणली. ती गेल्यावर इनोनं कसंबसं उठून तबकडी लावली, परत येऊन आडवा झाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आवाज अगदीच बारीक राहिलाय, वर दोनांतला एक स्पीकर मुका आहे. उठून नीट करायचं त्राण नव्हतं. बाहेर पाऊस लागला होता. त्या पावसातून हार्पचा एखादा सूर वर यायचा आणि परत पावसात मिसळून जायचा. पडल्या पडल्या इनोला वाटलं, संगीत असंही ऐकता येतं की! समोर बसून, माना डोलावून नव्हे. खोलीतल्या उजेडासारखं, असलं तर असलं. त्याच वर्षी त्यानं 'डिस्क्रीट म्युझिक' ही तबकडी काढली. आज ज्याला अँबियंट म्हणतात त्या संगीताची जन्मकथा म्हणून हा अपघात सांगितला जातो.

ही कथा वाचली तेव्हा मला एकच प्रश्न पडला. बाकीचे लोक कुठं गेले होते?

कारण हाच अपघात बारामती-नीरा रस्त्यावर, पणदरे सोडून आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या अलीकडे झाला असता, तर जगाला हे संगीत मिळालंच नसतं. टॅक्सीऐवजी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असता, एवढा बदल धरू. दवाखान्यातून घरी आणल्याच्या पहिल्या तासात भावकी जमली असती. दुसऱ्या तासात सोसायटीचे चेअरमन, माजी चेअरमन आणि होऊ घातलेले चेअरमन, असे तिघं वेगवेगळ्या वेळा साधून येऊन गेले असते. कॉटखाली शहाळी, कॉटवर बिस्किटांचे पुडे. "कसं काय झालं?" हा प्रश्न इनोला विचारला गेला असता, पण उत्तर द्यायची संधी त्याला मिळाली नसती, ते अपघाताच्या वेळी वडगाव निंबाळकरला चहा पीत असलेल्या चुलतभावानं हातवाऱ्यांसकट दिलं असतं. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून बारीक किणकिण ऐकून कुणीतरी म्हणालं असतंच, "अरे, आवाज वाढवा की. पेशंटला ऐकू येईना."

मुक्या स्पीकरला एकानं डाव्या हातानं टपली मारली असती आणि तो बोलायला लागला असता. आमच्याकडे वस्तू अशाच दुरुस्त होतात. दुसऱ्यानं हार्प बंद करून भारूड लावलं असतं. अँबियंट संगीत तिथल्या तिथं, जन्मायच्या आत, आजारपणाला आलेल्या पाहुण्यांनी संपवलं असतं.

नायलनबाईंची हकीकत मात्र थोडी वेगळी आहे. त्या म्हणतात, आवाज चुकून वगैरे बारीक राहिला नव्हता. बाहेरच्या पावसाला जुळेल असा तो त्यांनीच जाणूनबुजून ठेवला होता. म्हणजे तिथंही आवाजाला हात पाहुण्यानंच लावला. फरक इतकाच की त्यांनी तो कमी केला. कोऱ्हाळ्यात आलेल्या पाहुण्यानं आवाज कमी केल्याची नोंद नाही.

हे सगळं ज्ञान मला पुतण्यामुळे मिळालं. तो हिंजवडीला असतो आणि 'वर्क फ्रॉम होम' म्हणून अधूनमधून गावी येतो. आल्यावर डोळे मिटून बसतो. विचारलं तर म्हणतो, डाउनटेम्पो ऐकतोय. म्हणजे यंत्रावरचंच संगीत, पण नाचायचं नाही. मिनिटाला साठ ते शंभरच्या आसपास ठोके, त्यावर धुक्यासारखे लांबलचक सूर, शब्द जवळपास नाहीत. हे गाणं ऐकायचं नसतं, त्यात 'असायचं' असतं, असं तो म्हणतो. एक दिवस त्यानं त्याच्याच नात्यातलं अँबियंट छोट्या स्पीकरवर सगळ्यांसाठी लावलं. इनोचीच १९७८ ची 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'. तबकडीवर चार तुकडे आहेत आणि त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे: एकला एक, दोनला एक, एकला दोन, दोनला दोन. गट नंबर आणि पोटहिस्से वाचल्यासारखं वाटतं. भोगवटादाराचं नाव कुठं आहे म्हणून मी उगाच शोधत राहिलो.

पहिला तुकडा सतरा मिनिटांचा आहे. पियानोचे चार-पाच सूर येतात. थांबतात. परत येतात, पण जरा उशिरा. आई लसूण सोलत बसली होती. दोन पाकळ्या सोलून झाल्यावर तिनं विचारलं, "लावलंय की बंद पडलंय?"

"लावलंय, आजी."

अर्धा गड्डा झाला. "मग गाणं कधी सुरू होणार?"

"हेच गाणं आहे."

"कुणाचं?"

"इनोचं."

आईनं सोलणं थांबवून नातवाकडे काळजीनं बघितलं. इनो तिला माहीत आहे. निळ्या पुडीत येतो, पित्त झालं की पाण्यात टाकून घ्यायचा, फसफस ओसरायच्या आत. "पोटात गडबड आहे होय? मग सकाळी सांगायचं की," म्हणत ती उठली. त्या रात्री पुतण्याला मऊ भात मिळाला.

आईचा प्रश्न अडाणीपणाचा होता असं मात्र कुणी समजू नये. इनोच्या आधी पंचावन्न वर्षं पॅरिसमध्ये नेमका तोच प्रश्न निघाला होता. एरिक साती नावाच्या विक्षिप्त संगीतकारानं 'फर्निचर संगीत' अशी कल्पना काढली होती. खुर्ची-टेबल जसं खोलीत असतं, आपण त्याच्याकडे टक लावून बघत नाही, तसं संगीत असावं. १९२० साली एका चित्रदालनात नाटकाच्या मध्यंतरात त्यानं आणि दारियुस मियोनं ते वाजवायचं ठरवलं. लोकांना आधीच बजावलं, याच्याकडे लक्ष देऊ नका, खुशाल फिरा, गप्पा मारा. वाजंत्री सुरू झाली मात्र, लोक गुमान जागेवर येऊन बसले आणि कान देऊन ऐकू लागले. साती बिचारा माणसामाणसापुढं जाऊन सांगत होता, अहो बोला, उठा, हिंडा, ऐकू नका! कुणी ऐकेना. म्हणजे, सगळे ऐकत राहिले.

सातीनं पॅरिस निवडलं तिथंच त्याचं गणित फसलं. बारामती तालुक्यातलं कुठलंही मंगल कार्यालय त्यानं निवडलं असतं तर प्रयोग पहिल्या फटक्यात यशस्वी झाला असता. आमच्याकडे लग्नात सनईची ध्वनिफीत सकाळी सातला लागते आणि वऱ्हाड पांगेपर्यंत चालते. त्यात एखाद्या मोठ्या वादकानं जीव ओतलेला असतो. पण ती कुणी ऐकलीय असा माणूस मला अजून भेटायचाय. जेवणाच्या वेळी की-बोर्डवाला आणि एक गायक येतात. गायक घसा ताणून गात असतो, समोर पंगतीत "इकडं मठ्ठा, इकडं मठ्ठा!" चाललेलं असतं, आणि गाणं संपल्यावर टाळी पडत नाही, कारण गाणं संपलंय हे कळतच नाही. सातीला याहून जास्त काय हवं होतं? मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन तो एका कडेला उभा राहिला असता आणि समाधानानं रडला असता.

इनोच्या संगीताची खरी गंमत मला घरात कळली नाही, बारामतीच्या एसटी स्टँडवर कळली. त्या तबकडीतल्या दुसऱ्या तुकड्यात काही गळे नुसता एकेक सूर लावतात. प्रत्येक सुराची टेप गोल जोडलेली. कुणाचा फेरा साडेतेवीस सेकंदांचा, कुणाचा जवळपास तीस. टेप इतक्या लांब होत्या की स्टुडिओतल्या खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवून आणाव्या लागल्या. लांबी एकसारखी नसल्यामुळे ते सूर दर वेळी नव्याच ठिकाणी एकमेकांना भेटतात. कुणी काही रचायचं नाही. फेरे सोडून द्यायचे आणि बाजूला व्हायचं.

आता स्टँडवर उभे राहा. चौकशी खिडकीतला ध्वनिक्षेपक ठरावीक काळानं खाकरतो आणि फलाट क्रमांक सांगतो. बाहेर वडापवाल्याचं "नीरा-नीरा-नीरा-नीरा" दहा सेकंदांनी येतं. पाण्याच्या बाटल्यांवाला पोरगा खिडक्यांखालून एक फेरी मारून परत पहिल्या गाडीशी येतो. सोडावाला ओपनर बाटल्यांवरून खरडत नेतो. कंडक्टर टण्‌टण्‌ देतो, गाडी हलत नाही, म्हणून परत देतो. कुणाचाच फेरा कुणाशी जुळलेला नाही. क्वचित सगळं एका क्षणी एकत्र येतं, फलाट क्रमांक, नीरा, थंड पाणी, टण्‌टण्‌, आणि अख्खा स्टँड जणू समेवर येतो. मी एकदा असा ऐकत उभा राहिलो आणि माझी गाडी गेली. पुढच्या गाडीपर्यंत पाऊण तास होता, म्हणून ते संगीत आणखी ऐकावं लागलं. पहिल्या वेळेइतकं चांगलं वाटलं नाही.

पुतण्याला स्पीकरवर यश आलं नाही म्हणून तो हेडफोनवर गेला. हेडफोन साधा नव्हता, आवाज मारणारा होता. बाहेरचा आवाज छोट्या माइकनं ऐकायचा, त्याची बरोबर उलटी लाट तयार करून कानात सोडायची, दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. ही कल्पना अमर बोस यांना सुचली १९७८ साली, झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात. म्हणजे इनोनं विमानतळासाठी संगीत काढलं त्याच वर्षी विमानात बसलेला दुसरा एक गृहस्थ, इथलं काहीच ऐकू येऊ नये म्हणून आकडेमोड करत होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. आज दोघांची कामगिरी आमच्या ओट्यावर एकाच डोक्यावर बसली होती.

पण या यंत्राचा एक स्वभाव आहे. त्याला एकसुरी, सलग आवाज छान मारता येतात: इंजिनाची घरघर, पंख्याची गरगर. अचानक येणारे आवाज, विशेषतः माणसांचे, त्याच्या हातून निसटतात. म्हणजे कोऱ्हाळ्यात ते नेमकं काय करतं बघा. विजेच्या डीपीची गुणगुण पुसतं, विहिरीवरच्या मोटारीचा घोर पुसतं, गिरणीची धडधड पुसतं, दूरच्या रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर पुसतं. गावातलं जेवढं म्हणून अँबियंट आहे तेवढं सगळं पुसून टाकतं. आणि "ए, ऐकतोस का रं?" हे एवढं जसंच्या तसं आत सोडतं.

आणि ते येतंच. डोळे मिटून स्वस्थ बसलेला तरणा मुलगा, ही गावाला सहन होणारी गोष्ट नाही. डोळे मिटून माळ ओढत असेल तर ठीक. झोपला असेल तर तेही ठीक. पण बसून, जागा असून, डोळे मिटून, आणि चेहऱ्यावर थोडं हसू? पहिल्यांदा शेजारचे तात्या आले. त्यांनी खांद्याला हात लावून विचारलं, "नोकरी गेली का?" मग दूध घालून परतणारा एकजण थांबला. त्यानं पुतण्याला काही विचारलं नाही, मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "स्थळ मोडलं का?" वडगावहून आलेली आत्या सर्वांत व्यवहारी. तिनं प्रश्नच विचारला नाही. आत जाऊन मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन आली, पुतण्याभोवती उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. आवाज मारणारी यंत्रं पुष्कळ निघालीत. मिरचीच्या ठसक्याची उलटी लाट अजून कुणाला बनवता आलेली नाही. पुतण्या डोळे पुसत बाहेर पळाला, आणि आत्या म्हणाली, "बघ, किती लागली होती."

इथं मला या संगीताचं खरं मर्म सापडल्यासारखं वाटतं. लोक म्हणतात ते शांतता विकतं. शांतता आमच्याकडे दुपारी दोन ते चार फुकट असते. ते विकतं ती हमी, की पुढचा तासभर तुला कुणी हाक मारणार नाही. स्पेनच्या इबिझा बेटावर कॅफे देल मार नावाचं ठिकाण १९८० पासून आहे. तिथं लोक समुद्रावर सूर्य बुडताना बघत हे संगीत ऐकतात आणि सूर्य बुडाला की टाळ्या वाजवतात. सूर्यास्ताला टाळ्या वाजवायला दोन्ही हात रिकामे लागतात. आमच्याकडे त्या वेळी धारा काढायच्या असतात. गाभण गाय सोडली तर त्या घटकेला मोकळं असं गोठ्याच्या आसपास कुणी नसतं.

डॉल्बीबद्दल चार ओळी लिहिल्या नाहीत तर या भागातून लेख लिहिला असं कुणी मानणार नाही. गणपतीत, वरातीत, निवडणुकीच्या गुलालात ट्रॅक्टरवर जी स्पीकरची भिंत उभी करतात, जिच्यामुळे खिडक्यांची तावदानं आणि म्हाताऱ्यांची छाती एकाच लयीत थरथरते, तिला अख्खा महाराष्ट्र डॉल्बी म्हणतो. ज्यांचं हे नाव, त्या रे डॉल्बींनी १९६५ साली कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. जन्मभर या माणसानं नको असलेला आवाज कमी केला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हा नियम २००० सालापासून कागदावर आहे. तो डॉल्बीच्या पुढून चालणाऱ्यांना वाचून दाखवायचा तर आधी डॉल्बी थांबवावा लागतो. आणि तरीही, 'आवाजात बुडून जाणं' म्हणजे काय हे त्या भिंतीपुढं नाचणाऱ्या पोराला विचारा. तोही डोळे मिटूनच असतो. त्याला पण कुणाची हाक ऐकू येत नाही. फक्त त्याच्या हमीची किंमत गाव भरतं.

आता तात्या. तात्यांचं मत असं की जगात जे काही आहे ते आपल्याकडे आधीच होतं. अँबियंटचं वर्णन ऐकून त्यांनी तत्काळ निकाल दिला, "म्हणजे तंबोरा. गवई यायच्या आधीचा." मला वाद घालायचा होता, पण पंचाईत अशी की या बाबतीत तात्या बरेचसे बरोबर आहेत. इनोच्या आधी न्यूयॉर्कला ला माँट यंग नावाचे संगीतकार एकच सूर तासन्‌तास लांबवत बसायचे. ते १९७० पासून पंडित प्राणनाथांचे गंडाबंध शिष्य. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. आणि त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ आपल्या मिरजेत राहिले. मिरजेचे तंबोरे जगभर जातात, आणि त्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या बाजूला, भीमेकाठी पिकतात. कोऱ्हाळ्याच्या अंगानं वाहणारी आमची नीरा पुढं इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंगपूरला भीमेलाच मिळते आणि तिथून पंढरपूरकडे जाते.

मी उत्साहाच्या भरात तात्यांना म्हणालो, "म्हणजे तात्या, त्या भोपळ्यात, त्या तंबोऱ्यात आपलं पाणी आहे."

तात्यांनी थोडा विचार केला. "मग पाणीपट्टी कोण भरतं?"

गवई यायच्या आधीच्या संगीतावरून आठवलं. आमच्या लहानपणी रेडिओवर सकाळची सभा सुरू व्हायच्या आधी एक धून वाजायची: तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिन. ती वॉल्टर कॉफमन यांची. हिटलरच्या धास्तीनं बोहेमियातून निघून १९३४ ला मुंबईत आलेला हा ज्यू संगीतकार आकाशवाणीत नोकरीला होता. त्या धुनेचा अर्थ एवढाच, की अजून काही सुरू झालेलं नाही. बातम्या नाहीत, बाजारभाव नाहीत, निधनवार्ता नाहीत. वडील त्या वेळी चहाची बशी ओठाशी नेऊन थांबत. धून संपेपर्यंत त्यांना कुणी बोलत नसे. ऐंशी सालच्या कोऱ्हाळ्यातलं ते सर्वांत सुरक्षित मिनिट होतं. पुतण्याला आज तेवढ्यासाठी महिन्याची वर्गणी भरावी लागते.

मी स्वतः हे संगीत एकदा खरोखर ऐकलं, ते उसात. आमच्याकडे शेतीची लाईट आठवड्याच्या पाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात दारं धरायला जावं लागतं. दारं धरणं म्हणजे एक सरी भरली की खोऱ्यानं तोंड बुजवायचं, पाणी पुढच्या सरीत घालायचं, आणि ती भरेपर्यंत बांधावर बसून राहायचं. बसून राहण्याचा भाग मोठा असतो. त्या रात्री मी पुतण्याचा हेडफोन मागून नेला. बायको म्हणाली, "दोन्ही कानांना लावू नका, बिबट्या आहे." या पट्ट्यात उसातला बिबट्या ही आता बातमी राहिलेली नाही, तो शेजारी झाला आहे, फक्त येताना सांगून येत नाही. म्हणून मी हेडफोन वाकडा करून एकाच कानावर ठेवला आणि दुसरा कान बिबट्यासाठी मोकळा सोडला.

आणि मग ते जमलं. उजव्या कानात धुक्याचे सूर. डाव्या कानात सरीतून सरकणारं पाणी, उसाच्या पाचटाची सळसळ, आणि बांधाच्या टोकाला डीपी. आपली वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, आणि डीपीतलं लोखंड प्रत्येक फेऱ्यात दोनदा अंग आक्रसतं, म्हणून तिची गुणगुण शंभराच्या कंपनात असते. रात्रभर, इकडं ना तिकडं, कुठल्याही तंबोऱ्यानं मान खाली घालावी इतकी स्थिर. हेडफोनमधला कुठलासा सूर येऊन त्या गुणगुणीला टेकला. कुठलं हिंजवडीहून आलेलं आणि कुठलं वीज मंडळाचं, वेगळं करता येईना. इनोला मुक्या स्पीकरनं जे दिलं ते मला बिबट्याच्या भीतीनं दिलं. आणि मुख्य म्हणजे हाक मारायला तिथं कुणी नव्हतं. मी चक्क बुडालो.

किती वेळ, ते सरीला माहीत. पाणी माझी सरी भरून, बांध फोडून, शेजाऱ्याच्या नुकत्याच खत टाकलेल्या हरभऱ्यात शिरलं होतं. मग मात्र हाक आली. दोन्ही कानांना पुरेल अशी आली, आणि तिच्यात माझ्या आधीच्या तीन पिढ्यांचाही उल्लेख होता.

बुडून ऐकायचं आणि शेजाऱ्याचं रानही बुडवायचं नाही, अशी सोय गावात एकच आहे, ती म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. मॅक्स रिक्टर नावाच्या संगीतकारानं २०१५ मध्ये 'स्लीप' नावाची आठ तासांहून लांब रचना केली. लंडनमध्ये मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत ती वाजवली, श्रोत्यांना खाटा दिल्या आणि झोपायची मुभा दिली. बीबीसीनं ते थेट प्रसारित केलं, जगभर कौतुक झालं. आता सप्ताह घ्या. सात दिवस, एकशे अडुसष्ट तास. सबंध काळ वीणा वाजत राहिली पाहिजे, आणि ती जमिनीला टेकता कामा नये. एकजण वीणा गळ्यात घालून उभा राहतो, दोन तासांनी दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. कीर्तन, हरिपाठ, काकडा, पारायण हे वरचे कार्यक्रम. तळाशी तो एक सूर चालूच. श्रोते ताडपत्रीवर झोपलेले असतात, आणि त्यांना कुणी तिकीट विचारत नाही.

जर्मनीत हाल्बरश्टाट गावी जॉन केजची एक रचना २००१ पासून ऑर्गनवर चालू आहे, ती २६४० साली संपायची आहे. तिथं सूर धरून ठेवायला पट्ट्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्यात. आमच्याकडे तेच काम माणसं करतात. पिशवीचा फायदा असा, की तिला झोप येत नाही आणि तिची जागा घ्यायला दुसरी पिशवी यावी लागत नाही.

हे मी पुतण्याला सांगितलं ती माझी चूक नव्हे. तो स्वतःच उत्साहानं म्हणाला, मला वीणेचा पहारा द्या. रात्रीचे बारा ते दोन आधीच वाटले गेलेले असतात, कारण त्या वेळी चार लोक जागे असतात आणि बघतात. दोन ते चार कुणालाच नको असतात. ते त्याला मिळाले. हेडफोन घरी ठेवून, कपाळाला बुक्का लावून तो गेला. अडीच वाजता माझ्या मोबाइलवर त्याचा संदेश आला: "काका, अमेझिंग. आपण नाहीच असं वाटतंय." वीणा गळ्यात असताना एका हातानं त्यानं हे कसं लिहिलं, ते वारकरी संप्रदायानं तपासून बघावं.

साडेतीनला काही आलं नाही. म्हटलं, गेला पोरगा समाधीत.

चारला त्याच्याकडून वीणा घ्यायची जबाबदारी तात्यांची होती. तात्यांनी जन्मभर पहारा चुकवलेला नाही, हे त्यांचंच म्हणणं. साडेचारला काकड्याला येणाऱ्या बायका मंडपात शिरल्या, तोवर पुतण्या एका पायावरून दुसऱ्या पायावर असा झुलत होता. आत्या म्हणाली, अंगात आलंय बहुतेक, आणि मीठ-मोहऱ्यांसाठी घरी वळली. पावणेपाचला माझा फोन वाजला. वीणा चालूच होती, मागं स्वच्छ ऐकू येत होती.

"काका, तात्या आजोबांना उठवा."

"का रे? बुडाला होतास ना?"

"काका, वीणा खाली ठेवता येत नाही, आणि मला दोन तासांपासून लघवीला जायचंय."